पुनरावर्ती हृदयविकार आणि रुग्णांची जीवनगुणवत्ता : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात प्रभावक घटकांचे विवेचन

प्रस्तावना

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा कुटुंबाच्या दृष्टीने संकट टळलेले असते. वैद्यकीय दृष्टीने मात्र तो एका दीर्घ कालखंडाचा प्रारंभ असतो. एकदा बाधित झालेल्या हृदयाला पुन्हा झटका येण्याचा, छातीत वारंवार दुखण्याचा किंवा हृदयाची कार्यक्षमता हळूहळू घटत जाण्याचा धोका निरोगी व्यक्तीपेक्षा अधिक असतो. अशा रुग्णाला दोन झटक्यांच्या, दोन वेळच्या रुग्णालय-प्रवेशांच्या मधल्या काळातच आपले आयुष्य जगावयाचे असते. म्हणून रुग्ण किती वर्षे जगला या प्रश्नाबरोबरच ती वर्षे तो कशा प्रकारे जगला, हा प्रश्नही अभ्यासाचा विषय ठरतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. सोयाबीन, कापूस, तूर व हळद ही येथील प्रमुख पिके असून बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका शेती व शेतमजुरी यांवर चालते. अशा जिल्ह्यातील पुनरावर्ती हृदयविकाराच्या रुग्णांच्या जीवनगुणवत्तेवर कोणते घटक परिणाम करतात, याचे विवेचन उपलब्ध संशोधन आणि जिल्ह्याची सामाजिक परिस्थिती यांची सांगड घालून करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवनगुणवत्ता : संकल्पना व मापन

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोगाचा अभाव पुरेसा मानला नाही. शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याचा तीत समावेश केला. याच विचाराचा विस्तार करून संघटनेने १९९० च्या दशकात जीवनगुणवत्तेची मापनसाधने विकसित केली. व्यक्ती ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत जगते, तिच्या संदर्भात आणि स्वतःची उद्दिष्टे, अपेक्षा व चिंता लक्षात घेऊन आयुष्यातील आपल्या स्थानाविषयी तिची जी धारणा असते, तिला या मांडणीत जीवनगुणवत्ता म्हटले आहे. येथे मूल्यमापन करणारा स्वतः रुग्ण असतो, ही बाब महत्त्वाची होय.

संघटनेच्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत. त्यांपैकी २ प्रश्न एकूण जीवनगुणवत्ता व आरोग्य यांविषयी, ७ शारीरिक, ६ मानसिक, ३ सामाजिक संबंधांविषयी आणि ८ परिसराविषयी आहेत. परिसर या घटकात पैसा, घर, प्रवासाची साधने, आरोग्यसेवेची उपलब्धता, आवश्यक माहिती मिळण्याची शक्यता यांचा अंतर्भाव होतो. सर्वाधिक प्रश्न परिसराविषयी आहेत, ही गोष्ट हिंगोलीसारख्या जिल्ह्याचा विचार करताना विशेष लक्षणीय ठरते.

हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र साधनेही उपलब्ध आहेत. हृदय निकामी होण्याच्या अवस्थेतील रुग्णांसाठीची मिनेसोटा प्रश्नावली २१ प्रश्नांची असून सूज, दम लागणे व झोप यांबरोबरच उपचारांवर होणारा खर्च आणि आपण कुटुंबावर भार झालो आहोत ही भावना यांविषयीही तीत विचारणा केली जाते. छातीतील दुखण्यासाठी सिएटल प्रश्नावली वापरली जाते.

ही साधने ग्रामीण भागात वापरताना एक अडचण उद्भवते. संघटनेची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांच्या अनुभवाविषयी विचारते. शेतकरी रुग्णाने मे महिन्यात दिलेले उत्तर आणि पेरणीच्या दिवसांत दिलेले उत्तर सारखे असेलच असे नाही. कारण पहिल्या वेळी शरीराकडून फारसे काम अपेक्षित नसते, तर दुसऱ्या वेळी वर्षभराची कमाई त्याच कामावर अवलंबून असते. कृषिप्रधान जिल्ह्यात जीवनगुणवत्तेचे एकदाच केलेले मापन म्हणूनच अपुरे ठरते.

विकाराचे पुनरावर्ती स्वरूप

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतील भिंतीवर मेदयुक्त थर साचत जातो. हा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी झाली की पुढील रक्तपुरवठा थांबतो व स्नायूंचा तेवढा भाग मृत होतो. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसविल्यास बंद झालेली जागा मोकळी होते. परंतु थर साचण्याची मूळ प्रक्रिया सर्वच रोहिण्यांमध्ये चालू असते. “ब्लॉक काढला, आता आजार गेला” हा समज त्यामुळे दिशाभूल करणारा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीत, विकार स्थिर असलेल्या रुग्णांमध्ये उत्तम औषधोपचाराला अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने मृत्यू वा झटके यांचे प्रमाण घटले नाही. याच चाचणीतील जीवनगुणवत्तेचे निष्कर्ष २००८ साली प्रकाशित झाले. अँजिओप्लास्टी झालेल्यांना प्रारंभी अधिक आराम वाटला. तथापि तीन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतील फरक जवळपास नाहीसा झाला. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी मात्र रोहिणी तातडीने मोकळी करणे जीवरक्षक ठरते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

पुनरावर्तनाचे दुसरे उदाहरण संधिवाताच्या तापातून उद्भवणाऱ्या झडपांच्या विकाराचे आहे. बालपणी घशाला होणाऱ्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर हा ताप येतो आणि त्याच्या प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर हृदयाच्या झडपा अधिक खराब होतात. दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन घेतल्यास ही पुनरावृत्ती टाळता येते. उपचार साधा आहे, परंतु तो वर्षानुवर्षे न चुकता घ्यावा लागतो. दोन्ही विकारांत पुढील हानी रोखणे मधल्या काळातील सातत्यावर अवलंबून असते.

शारीरिक घटक आणि श्रमाचे स्वरूप

दम लागणे, थकवा, छातीतील दुखणे, पायांवरील सूज व झोपमोड ही जीवनगुणवत्ता घटविणारी प्रत्यक्ष लक्षणे होत. मधुमेह, उच्च रक्तदाब व तंबाखूचे सेवन यांमुळे त्यांची तीव्रता वाढते. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नऊ परिवर्तनीय घटक बहुतेक झटक्यांच्या मुळाशी असल्याचे दाखविले. त्याच अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणानुसार दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. ग्रामीण कुटुंबात हे वय मुलांची शिक्षणे, लग्ने व शेतीची जबाबदारी यांचे असते.

लक्षण तेच असले तरी त्याचा अर्थ श्रमाच्या स्वरूपानुसार बदलतो. कार्यालयात बसून काम करणाऱ्यास मध्यम प्रतीचा दम सोसवतो. पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्या, सोयाबीनची पोती उचलणाऱ्या किंवा हळद काढून ती शिजविण्याचे काम करणाऱ्या रुग्णास तोच दम उपजीविकेपासून दूर नेतो. शेतीला रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेव्हा हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी थंडीत, अंधारात व बहुधा एकट्याने शेतात जावे लागते. थंडीत रोहिण्या आकुंचन पावत असल्याने छातीत दुखण्याचा संभव वाढतो आणि मदतीला जवळ कोणी नसते. उन्हाळ्यात, लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णास घामामुळे अतिरिक्त अशक्तपणा व चक्कर येऊ शकते. अशा वेळी औषधाची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने बदलून घेणे आवश्यक असते.

वैद्यकीय सल्ला स्थानिक जीवनाच्या मापात सांगितला जाणे यासाठीच गरजेचे आहे. दोन जिने न थांबता चढता येतात का, हा नेहमीचा प्रश्न एकमजली घरात राहणाऱ्यास निरुपयोगी आहे. बायपासनंतर काही आठवडे जड वजन उचलू नये हा सल्ला, भरलेली घागर व गवताचा भारा उचलू नये असे सांगितल्याशिवाय पोहोचत नाही. ‘मीठ कमी खा’ असे म्हटल्यावर रुग्ण भाजीतील मीठ कमी करतो. पापड, लोणचे, ठेचा व कुरडया यांतील मीठ मात्र त्याच्या हिशेबात येत नाही.

औषधोपचारातील सातत्य

झटक्यानंतर रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या व रक्तदाब आणि हृदयावरील ताण घटविणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. यांपैकी बऱ्याच गोळ्या जुन्या व तुलनेने स्वस्त आहेत. तरीही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात, कमी उत्पन्नाच्या देशांतील हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के व्यक्ती यांपैकी एकही औषध घेत नसल्याचे आढळले. ग्रामीण भागातील स्थिती शहरांपेक्षा वाईट होती.

औषध सुटण्याची कारणे केवळ आर्थिक नसतात. बरे वाटू लागल्यावर गोळीची गरज उरली नाही असे वाटते. उपवासाच्या दिवशी गोळ्या टाळल्या जातात. मजुरीसाठी किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर करताना महिनाभराचा साठा बरोबर नेला जात नाही. पित्त वाढते म्हणून परस्पर गोळी बंद केली जाते. स्टेंट बसविल्यानंतर गुठळीप्रतिबंधक गोळ्या ठरलेल्या मुदतीपूर्वी अचानक थांबविल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणघातक झटका येऊ शकतो, ही गोष्ट घरातील किमान एका व्यक्तीला तरी नेमकेपणाने माहीत असणे आवश्यक आहे.

मानसिक घटक

पुनरावर्ती विकारात भीतीचे स्वरूप वेगळे असते. पहिल्या झटक्याची भीती घटनेनंतर ओसरते. पुन्हा झटका येईल ही भीती मात्र प्रत्येक कळेबरोबर जागी होते. रुग्ण स्वतःच्या नाडीकडे व श्वासाकडे सतत लक्ष देऊ लागतो, एकटे राहण्यास घाबरतो, चालणे टाळतो. चालणे टाळल्याने स्नायूंची क्षमता घटते, थोड्या श्रमानेही दम लागतो आणि त्या दमामुळे भीती आणखी दृढ होते. अशा प्रकारे भीती व अशक्तता परस्परांना पोसत राहतात.

विषण्णतेचा परिणाम याहून गंभीर आहे. कॅनडातील माँट्रियल येथे २२२ रुग्णांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटक्यानंतर विषण्णता असलेल्या रुग्णांमध्ये पुढील सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. २००३ सालच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत विषण्णतेवर उपचार केल्याने मृत्यू वा नवे झटके कमी झाले नाहीत. रुग्णांची मनःस्थिती मात्र सुधारली. आयुर्मान आणि जीवनगुणवत्ता या दोन स्वतंत्र बाबी असून, आयुष्य वाढले नाही तरी ते अधिक सुसह्य करणे हेही उपचाराचे उद्दिष्ट असू शकते, असा याचा अर्थ आहे. ग्रामीण भागात विषण्णता त्या नावाने सांगितली जात नाही. ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘झोप येत नाही’ अशा शब्दांत ती व्यक्त होते व बहुधा म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जाते.

कौटुंबिक व सामाजिक घटक

कुटुंबाचा आधार हा जीवनगुणवत्तेचा भक्कम घटक आहे. परंतु आधाराचा अतिरेकही अपायकारक ठरतो. ‘तुम्ही काही करू नका, नुसते बसा’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. काल-परवापर्यंत घर चालविणाऱ्या कर्त्या पुरुषाला मात्र त्यातून आपण निरुपयोगी झाल्याचा अर्थ लागतो. बियाण्याचा निर्णय, बाजारहाट, हिशेब, जनावरांची देखरेख अशी क्षमतेनुरूप जबाबदारी त्याच्याकडे राहिल्यास आत्मसन्मान टिकतो. वैवाहिक संबंधांविषयीची भीती तर बोललीही जात नाही. संघटनेच्या प्रश्नावलीत यावर स्वतंत्र प्रश्न आहे. क्षेत्रीय अभ्यासात तोच सर्वांत अवघड ठरण्याची शक्यता असते.

स्त्री-रुग्णांची स्थिती वेगळा विचार मागते. स्त्रियांमध्ये छातीतील कळेबरोबर दम, मळमळ व कमालीचा थकवा अशी लक्षणे अधिक प्रमाणात दिसतात. त्यांचा अर्थ पित्त, गॅस वा अशक्तपणा असा लावला जातो. पुरुष रुग्णास घरी विश्रांती मिळते, तर स्त्री घरी परतते ती स्वयंपाक, पाणी व धुणे यांकडे. पुढे खुरपणी व कापूसवेचणीही तिची वाट पाहत असते. तपासणीला नेण्यासाठी सोबत कोणी यावे, याबाबतही ती इतरांच्या सवडीवर अवलंबून राहते.

आर्थिक घटक आणि शासकीय योजना

‘क्रिएट’ या भारतीय नोंदणी-अभ्यासात ८९ केंद्रांतील २०,४६८ रुग्णांची माहिती संकलित झाली व ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंत गटात ५.५ टक्के, तर गरीब गटात ८.२ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतील तफावत विचारात घेतल्यावर हा फरक उरला नाही. गरिबी ही उपचारांच्या अभावातून जीव घेते, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

या दृष्टीने महाराष्ट्रात महत्त्वाची पावले उचलली गेली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ पासून उर्वरित राज्यात लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. शिधापत्रिकेच्या निकषाबाहेरील शेतकरी कुटुंबांनाही राज्यातील १४ आपद्‌ग्रस्त जिल्ह्यांत तिचा लाभ देण्यात आला व त्यांत हिंगोलीचा समावेश होता. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने विमासंरक्षण प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून योजना सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली.

तथापि या योजनांचा गाभा रुग्णालयातील उपचार हा आहे. काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची तरतूद असली, तरी तिचा लाभ घेण्यासाठी अंगीकृत रुग्णालयापर्यंत जावे लागते. वर्षानुवर्षांच्या गोळ्या, तपासणीसाठीचा प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि रुग्णाची घटलेली कमाई यांचा भार कुटुंबावरच राहतो. झटक्याचा खर्च शासन उचलते. दोन झटक्यांमधील आयुष्याचा खर्च रुग्ण उचलतो. पुढील झटका येणार की नाही, हे मात्र बव्हंशी याच मधल्या काळात ठरते.

अंतर व आरोग्यसेवेची उपलब्धता

‘क्रिएट’ अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळविणारे औषध मिळेपर्यंत मात्र ५० मिनिटे लागत होती. बहुतांश वेळ रुग्णालयाबाहेर खर्च होतो, हे यावरून स्पष्ट होते. दुखणे ओळखणे, ते मान्य करणे, वाहन शोधणे व पैशांची जुळवाजुळव करणे यांत तो जातो. २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेने वाहनाचा प्रश्न काही अंशी हलका केला. लक्षणे ओळखण्याचा प्रश्न मात्र शिक्षणाचाच आहे.

विशेषज्ञ उपचारांसाठी हिंगोलीकरांना दीर्घकाळ नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा त्याहून दूरच्या शहरांवर विसंबावे लागले. २०२४ साली हिंगोली येथे १०० प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या पार्श्वभूमीवर आशादायक घटना होय. त्याचा लाभ वाडी-तांड्यावरील रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र यांच्याशी त्याची सांधणी होणे आवश्यक आहे.

उपाययोजनांची दिशा

पहिली गरज औषधे गावाजवळ उपलब्ध होण्याची आहे. २०१७ साली देशातील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, एका वेळी महिनाभराची औषधे जवळच्या आरोग्य केंद्रातून देण्यावर भर होता. हेच तत्त्व हृदयरुग्णांनाही लागू करता येईल. दुसरी गरज घरापर्यंत पोहोचणाऱ्या पाठपुराव्याची आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील सुमारे ८०० रुग्णांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी रुग्णालयात व घरी दिलेल्या मार्गदर्शनामुळे औषधांचे सातत्य सुधारल्याचे दिसून आले. आशा कार्यकर्तीस योग्य प्रशिक्षण व मोबदला मिळाल्यास हे काम जिल्ह्यात शक्य आहे. तिसरी गरज पुनर्वसनाची आहे. भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत, योगाधारित पुनर्वसनामुळे रुग्णांच्या स्वतःच्या आरोग्यविषयक धारणेत व पूर्वीच्या कामांकडे परतण्याच्या प्रमाणात सुधारणा झाली. मोठ्या हृदयघटनांमध्ये मात्र सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय घट आढळली नाही. महागड्या यंत्रसामग्रीविना करता येण्याजोगा हा उपक्रम, त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवून, तालुका पातळीवर राबविता येईल.

महाविद्यालयांनाही यात स्थान आहे. मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांना जीवनगुणवत्तेची प्रश्नावली स्थानिक बोलीत तपासून, वर्षातील भिन्न हंगामांत तिचे मापन करता येईल. गृहविज्ञान विभागास मराठवाडी आहारातील मिठाचा हिशेब मांडता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत झटक्याची लक्षणे व १०८ क्रमांक यांविषयी घरोघरी प्रबोधन करता येईल.

निष्कर्ष

पुनरावर्ती हृदयविकाराच्या रुग्णाची जीवनगुणवत्ता केवळ हृदयाच्या कार्यक्षमतेवर अवलंबून नसते. श्रमाचे स्वरूप, औषधांचे सातत्य, पुन्हा झटका येण्याची भीती, कुटुंबातील स्थान, लिंगभाव, आर्थिक स्थिती व आरोग्यसेवेपासूनचे अंतर हे घटक परस्परांत गुंतलेले असतात. हिंगोली जिल्ह्यात झटक्याच्या उपचारांची सोय पूर्वीपेक्षा वाढली आहे. आता दोन झटक्यांमधील काळाकडे तितक्याच गांभीर्याने पाहण्याची आवश्यकता आहे. कारण रुग्णाचे आयुष्य म्हणजे प्रत्यक्षात तोच काळ होय.